भिजल्यावरचा आवाज

"परत फुटली," असं म्हणत डॉक्टर शिराळकरांनी खिशातून प्लास्टिकची छोटी डबी काढली आणि आमच्या टेबलावर ठेवली.

मी ब्रश खाली ठेवला. डबीत काय आहे ते उघडून बघायची गरज नव्हती. आरवाडे नावाच्या पेशंटची, उजव्या बाजूच्या खालच्या दाढेची कॅप, माझ्या हातची. पहिली फुटली तेव्हा मी दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. दुसरी फुटली तेव्हा रडले होते. ही तिसरी. आता रडूही येईना.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे दातांच्या लॅबनाही नाही. आमची लॅब कुरणे सरांची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायचे आणि आम्ही त्यावरून दात, कॅपा, कवळ्या करून द्यायचो. सुरुवातीची वर्षं सरांनी मला नुसतं प्लास्टर ओतायला ठेवलं होतं. केसांत प्लास्टर, नखांत प्लास्टर, डब्यातल्या भाकरीलाही प्लास्टरचा वास. हे घडलं त्या वर्षी कुठे त्यांनी पोर्सेलिनचा ब्रश माझ्या हातात दिला होता, आणि मला तो जीव गेला तरी सोडायचा नव्हता.

"खरा दात असता तर एवढं झालं नसतं," डॉक्टर खुर्ची ओढून बसत म्हणाले. "खऱ्या दाताच्या मुळाभोवती गादी असते. जोर पडला की त्याला कळतं. आरवाड्यांच्या हाडात मी इम्प्लांटचा स्क्रू बसवलाय, त्याला काही म्हणजे काही कळत नाही. आणि हे गृहस्थ झोपेत करकरा दात खातात."

"नाइटगार्ड दिलाय ना त्यांना?" सरांनी विचारलं.

"दिलाय की. रोज रात्री घालून झोपतो म्हणतात."

नाइटगार्ड म्हणजे झोपताना दातांवर बसवायची मऊ पारदर्शक पट्टी. दात एकमेकांवर घासायच्या ऐवजी तिच्यावर घासतात. ती घालूनही कॅप फुटत असेल, तर दोष कॅपचाच. दोघांनी माझ्याकडे बघितलं. वाईट नजरेनं नाही, पण बघितलं.

"पुढची फुटली तर स्क्रूसुद्धा हलेल," डॉक्टर उठत म्हणाले. "मग हाडातून काढावा लागेल. त्या वयात परत नाही बसवता येणार. कुरणे, राग मानू नका, पण तसं झालं तर मी असली कामं पुण्याला देईन."

ते गेल्यावर सरांनी डबी उचलून माझ्यासमोर सरकवली. मग म्हणाले, "उज्ज्वला, चौथी पण तूच कर. पण ती फुटली तर मला तुला काही दिवस प्लास्टरवर बसवावं लागेल. लॅब चालली पाहिजे ना बाई."

पोर्सेलिनचं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल. पिठासारखी पांढरी पूड पाण्यात कालवायची आणि ब्रशनं थर देत देत दात उभा करायचा. मग त्यातलं पाणी काढायचं, कारण पाणी राहिलं तर भट्टीत त्या जागी छिद्रं राहतात आणि दात कच्चा होतो. हे पाणी काढायची सरांची एक पद्धत होती. टिश्यू पेपरची कड दाताच्या बाजूला हळूच टेकवायची. पूड एवढी बारीक असते की तिच्या कणांमधल्या फटींतून पाणी आपोआप कागदाकडे चालायला लागतं, आणि जाता जाता कणांना एकमेकांजवळ आणून जातं. दात डोळ्यांदेखत घट्ट होतो. मी सुरुवातीला कागद दाबायची. सर म्हणायचे, "ओढू नकोस. नुसता टेकव. बारीक वाट मिळाली की पाणी आपलं आपण जातं."

त्यांना वाटलं मी पाणी नीट काढलं नव्हतं. मलाही तसंच वाटलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी फुटलेला तुकडा काढला, फुटलेल्या बाजूवर पेनातल्या शाईचा थेंब सोडला आणि वाट बघत बसले. आत छिद्रं असती तर शाई आत चढली असती. थोड्या वेळानं पुसलं तर तुकडा स्वच्छ. परत थेंब टाकला, परत स्वच्छ. मी सरांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून तुकडा उजेडात धरला.

"पक्का आहे गं," ते म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटल्याचं आवाजातूनच कळलं. मग त्यांनी तुकडा फिरवला. "आणि ही चकाकी बघ. या बाजूला जेवताना वरचा दात येतच नाही. हे रात्रीचं घासणं आहे, दातावर दात."

"म्हणजे गार्ड घालत नाहीत ते."

"आता हे त्यांना कोण सांगणार? डॉक्टरांना तर छातीठोक सांगतात."

"मी जाऊ?"

सर हसले. "आपण दात बघतो, माणूस बघत नाही. पण जा. डॉक्टरांना मी सांगतो."

आरवाडे रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. निवृत्त होऊन स्टेशनमागच्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात राहत होते. मी गेले तेव्हा दुपार होती. दारात एक बाई पाय पसरून वाती वळत बसली होती. मी उंबऱ्याजवळ आले तरी तिनं मान वर केली नाही, पण हात थांबवून म्हणाली, "कोण आलंय? पायात सँडल हाय, म्हणजे शेजारची न्हवं."

तेव्हा मला कळलं की तिला दिसत नाही.

ओळख सांगितल्यावर काकू खूश झाल्या. "अहो, तुमचा दात करणारी पोरगी आलीय," त्यांनी आत हाक मारली. आरवाडेकाका बाहेर आले. उंच, ताठ, घरातसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावलेली. मी नाइटगार्ड बघायला मागितला तसे ते थोडे चपापले, पण आत जाऊन डबी घेऊन आले.

गार्ड काचेसारखा चकचकीत होता. एक ओरखडा नाही.

"काका, हा रोज घालता तुम्ही?"

"रोज. चुकवत न्हाई."

"काका, रोज घातलेला गार्ड असा दिसत नाही हो. हा अजून दुकानातच असल्यासारखा दिसतोय."

ते गाडीखाली काही आल्यासारखा चेहरा करून रस्त्याकडे बघायला लागले. मला फार वाईट वाटलं. मी माझ्या ब्रशासाठी आले होते आणि एका वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडत बसले होते.

"त्यांना काय बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "मीच काढायला लावते."

"तुम्ही?"

"बस खाली. अशी उभ्या उभ्या सांगायची गोष्ट न्हाई ती."

मी बसले. काकूंनी हातातली वात संपवली, मग बोलायला लागल्या.

"ह्यांची अख्खी नोकरी रात्रीची. लग्न झाल्यापासनं मी रात्री एकटीच झोपायची. घरी असले की हे दात खायचे. नवीन असताना मला वाटलं उंदीर हाय. काठी घेऊन उठले होते."

"सगळ्यांना सांगते ही," काका पुटपुटले.

"मग सवय झाली. दात वाजले की कळायचं, आज घरी हायेत. आता काचबिंदूनं डोळे गेले. मला जाग आली की अंधार, आणि अंधार कसला तेच कळत न्हाई. हे पाठीमुळं खाली गादीवर झोपतात, मी कॉटवर. हात पोचत न्हाई. हाक मारली तर उठतात, पण एकदा उठले की परत झोप न्हाई, गार्डाची झोप ती. मग काय करू? दात ऐकते. हायेत म्हणते, आणि झोपते."

"आणि गार्ड घातल्यावर?"

"घरात कोण नसल्यासारखं वाटतं गं. रात्रभर बसून राहिले मी. सकाळी ह्यांनी बघितलं आणि तो डबीत ठेवून दिला."

काकांनी घसा साफ केला. "दात काय, दुसरा बसवता येतो," ते म्हणाले. "डॉक्टरांना सांगायची लाज वाटली."

आमच्या घरी वडील घोरतात म्हणून आईनं त्यांची गादी माळ्यावर टाकली होती, आणि इथे हा माणूस बायकोला झोप लागावी म्हणून दाढेमागून दाढ फोडत होता. उठताना मी म्हटलं, "काका, दुसरा स्क्रू नाही बसवता येणार. पण मी काहीतरी करते." काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं.

सगळं ऐकून सर आधी हसले, मग हसू थांबवून भट्टीकडे बघत राहिले. डॉक्टर फोनवर म्हणाले, "इतकी वर्षं लोक माझ्याकडे नवऱ्याचे दात वाजायचे थांबवा म्हणून येतात." मग सरच म्हणाले, "मऊ गार्ड आवाज खातो. कवळीच्या कडक ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या केल्या, एक वर, एक खाली, तर? पट्टीवर पट्टी घासेल. दात वाचतील, स्क्रूवरचा जोरही वाटला जाईल, आणि आवाज होईल." डॉक्टरांनी थोडा विचार करून हो म्हटलं, फक्त दोन्ही पट्ट्या पातळ हव्यात.

मी जीव ओतून त्या पट्ट्या केल्या. साचा, गरम पाण्यात हळूहळू शिजवणं, पॉलिश, सगळं पुस्तकाप्रमाणे. भिंगाखाली धरलं तरी एक ठिपका सापडला नसता. काकांना नेऊन दिल्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायला गेले तर काकूंचे डोळे सुजलेले.

"रात्री घरात कोण परकं झोपलं होतं," त्या म्हणाल्या. "किर्र किर्र. ते हे न्हवते."

मी रस्त्यानं चालत परत आले. रिक्षा करायचंही सुचलं नाही. मी केलेली चौथी कॅप डॉक्टर त्याच संध्याकाळी बसवणार होते. त्या रात्री पट्ट्या घातल्या नाहीत तर कॅप गेली, स्क्रू गेला आणि माझा ब्रशही गेला. आणि घातल्या तर काकू रात्रभर जाग्या. मी ठरवलं, आवाज तरी बदलेल म्हणून पट्ट्यांची दुसरी जोडी थोडी जाड करून बघायची. साचा भरला, शिजायला ठेवला आणि वीज गेली. त्या वर्षी भारनियमनानं सगळ्यांची पिसं काढली होती. पाणी कोमट व्हायच्या आधीच हीटर बंद. मी सरांना न विचारता साचा उचलला आणि चहाच्या गॅसवर मोठ्या आचेवर उकळायला ठेवला.

ॲक्रिलिकला घाई चालत नाही, हे प्लास्टरवरच्या पोरीलासुद्धा माहीत असतं. साचा उघडला तर पट्ट्यांच्या आत बारीक पांढरे ठिपके, आंबोळीला पडावी तशी जाळी. सर चहा पीत होते. त्यांनी एक पट्टी हातात घेतली, बोटानं चहाचा एक थेंब तिच्यावर टाकला आणि पुसला. तपकिरी डाग आतच राहिला, आणि बघता बघता ठिपक्याठिपक्यांतून पुढे सरकला.

"प्यायली बघ," सर म्हणाले.

मी मान खाली घातली.

"पहिली जोडी काकू परत घालू देणार नाहीत. हिच्यावर आजची रात्र निघेल," ते म्हणाले. "स्वच्छ धुऊन दे. उद्या वीज असली की नवीन कर. काकूंना सांग, एकच रात्र सोसा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी लॅबला न जाता मी आधी स्टेशनमागे गेले. दार उघडं होतं. काका बाहेर खुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आत बघायची खूण केली.

काकू झोपल्या होत्या. दिवस चांगला वर आला होता, चेहऱ्यावर ऊन आलं होतं आणि तोंड थोडं उघडं ठेवून त्या लहान मुलासारख्या झोपल्या होत्या.

मी बाहेर पायरीवर बसून राहिले. काकांनी स्वतः चहा केला, भलताच गोड. काकू उठल्यावर त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी माझा हात त्यात दिला.

"हीच ठेव," त्या म्हणाल्या. "बदलू नकोस."

"काकू, ती खराब झालीय. तिच्यात छिद्रं आहेत."

"असू देत. सुरवातीला परकंच वाजत होतं बघ. मी म्हटलं, झालं, आज पण जागायचं. मग हळूहळू बदलायला लागलं. जसजशी भिजली, तसतसे हे यायला लागले. किर्र होतं ते कर्र झालं. आणि मग आलेच. मग मला काय आठवत न्हाई."

सरांना सांगितल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. पण समजावलं त्यांनीच. कोरडी पट्टी काचेसारखी वाजते. छिद्रांतून लाळ आत चढत जाते, त्याला वेळ लागतो. सगळ्या वाटा भरल्या की पट्टी जड होते आणि आवाज बसका होतो, हाडासारखा. "पण छिद्रांची पट्टी तोंडात घाण धरते," ते म्हणाले. "रोज घासायची, संध्याकाळी पाण्यात भिजवायची, आणि ठरावीक दिवसांनी नवीन करायची."

तशीच केली मी, कितीतरी वर्षं. दर वेळी मुद्दाम गॅसवर, मुद्दाम घाईनं. हाताखाली शिकायला कुणी आलं की सर सांगायचे, "हिच्याकडून सगळं शिका, फक्त आरवाड्यांचं काम करताना डोळे मिटून घ्या." चौथी कॅप फुटली नाही. स्क्रू हलला नाही. माझा ब्रश माझ्याकडे राहिला, आणि पुढे सरांनी लॅबच माझ्यावर सोपवली. त्या घराचं माझ्यावर केवढं ऋण आहे ते मी मनातल्या मनात नेहमी म्हणायची. त्यांना सांगायचा धीर कधी झाला नाही. त्यांना वाटायचं, ऋण त्यांच्यावरच आहे. नवीन पट्ट्या द्यायला गेले की काका स्टेशनवरून बटाटेवडे आणून ठेवायचे आणि मी संपवेपर्यंत समोरून हलायचे नाहीत.

काका गेल्या वर्षी गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मी भेटून आले. पुढे महिनाभरानं काकूंच्या शेजारणीचा फोन आला. काकूंनी बोलावलंय म्हणाली, काहीतरी बिघडलंय.

मी गेले तेव्हा काकू कॉटवर बसल्या होत्या. मांडीवर पट्ट्यांची डबी होती.

"आवाज गेलाय हिचा," त्या म्हणाल्या. "तू केलेली शेवटची जोडी. जाग आली की मी हातानं घासून बघते. पहिले दोन दिवस यायचे हे. आता येत न्हाईत. परकंच वाजतं."

मी डबी उघडली. पट्ट्या कडकडीत कोरड्या झाल्या होत्या.

"काकू, पाण्यात ठेवता का यांना?"

"पाण्यात कशाला? ते तोंडात घालायच्या आधी मी ठेवायची. आता कोण घालतंय?"

मी उठले. स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, दोन्ही पट्ट्या त्यात सोडल्या आणि वाटी काकूंच्या हातात दिली. त्यांचं बोट धरून पाण्याला लावलं. "आता बसायचं," मी म्हटलं. "पाणी आपलं आपण आत जाईल."

आम्ही बसलो. त्यांनी मला सरांच्या गुडघ्याबद्दल विचारलं, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल विचारलं. मालगाडी गेली. पाण्यातून बारीक बुडबुडे वर येत होते, हे मी त्यांना सांगितलं. मग, इतक्या वर्षांनी, मी हेही सांगितलं की त्यांनी ती खराब पट्टी ठेवून घेतली नसती, तर मी आज प्लास्टरच ओतत बसले असते, किंवा तेही नाही.

"मग चांगलं झालं की," काकू म्हणाल्या.

त्यांनी वाटीत हात घातला आणि पट्ट्या बाहेर काढल्या. एक या हातात, एक त्या हातात. कानाजवळ नेऊन एकीवर दुसरी घासली. हळू, मग जरा जोरात. मान थोडी कलती केली. परत घासली.

कर्र. कर्र.

काकूंचा चेहरा सैल झाला. त्यांनी पाय वर घेतले, उशीवर डोकं टेकवलं. पट्ट्या हातातच होत्या.

"हायेत," त्या म्हणाल्या. "दार नुसतं ओढून घे जाताना."